जुन्या कर्नलवर चालतं, नव्यावर अडकतं

लॅपटॉपवर लिनक्सचं नवं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आलं आणि वाय-फाय बिघडलं. पार बंदच पडलं असतं तर शोध सोपा झाला असता. इथे जोडणी होत होती, पासवर्ड स्वीकारला जात होता, आयपी पत्ता मिळत होता, कोपऱ्यातलं चिन्ह पूर्ण पट्ट्या दाखवत होतं. व्हिडिओ किंवा मोठं डाउनलोड चालू असेपर्यंत तक्रारीला जागा नाही. पण एखादं लांबलचक पान वाचत बसलं आणि थोड्या वेळाने पुढची लिंक दाबली, की काहीच हलायचं नाही. कधी दहा-पंधरा सेकंदांनी गाडं पुन्हा सुरू व्हायचं, कधी जोडणी तोडून नव्याने करावी लागायची, आणि अधूनमधून तर वाय-फाय कार्डच यादीतून नाहीसं व्हायचं. तसं झालं की रीबूटशिवाय इलाज नाही.

त्याच राउटरवर बाकीची उपकरणं मजेत चालू होती, म्हणून राउटर आणि इंटरनेटची लाइन दोन्ही लगेच सुटले. उरला लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर नुकतंच बदललं होतं ते कर्नल. बहुतेक वितरणं (लिनक्सची तयार संकलनं) नवं कर्नल टाकताना मागचं निदान एक शिल्लक ठेवतात. ग्रबच्या (बूटच्या वेळी कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेन्यूत प्रगत पर्यायांखाली ते दिसतं. जुन्यावर बूट केलं आणि नेहमीसारखं काम करत राहिलो. एकदाही अडकलं नाही. नव्यावर परत आलो, तासाभरात तेच रडगाणं. पुन्हा जुनं, पुन्हा नवं, निकाल तोच. या सगळ्या प्रकरणात या अदलाबदलीइतकं मोलाचं दुसरं काही नव्हतं. कारण आता ‘माझ्या वाय-फायला काय झालंय’ हा प्रश्न उरला नाही, ‘या दोन कर्नलांच्या मध्ये काय बदललं’ हा झाला. पहिल्या प्रश्नाला अंत नाही. दुसऱ्याचं उत्तर कुठल्यातरी ठरावीक ओळींमध्ये लिहिलेलं असतं आणि त्या शोधता येतात.

शोधयंत्रात लक्षणं टाकली की मात्र पहिल्याच प्रश्नाची उत्तरं मिळतात. वाय-फायचं पॉवर सेव्हिंग बंद करा, आयपीव्ही६ बंद करा, मॅक पत्ता दरवेळी बदलू देऊ नका, मॉड्यूलला (कर्नलच्या सुट्या भागाला) अमुक पॅरामीटर द्या. यातली बरीचशी औषधं कुणीतरी कधीकाळी भलत्याच चिपसाठी लिहिलेली असतात आणि तेव्हापासून हातोहात फिरत राहतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्यातलं पॉवर सेव्हिंगचं औषध लागू पडल्यासारखं वाटलं: ‘आयडब्ल्यू’ आज्ञेने ते बंद केलं आणि अडकणं कमी झालं. थांबलं नाही, कमी झालं. माझ्या मते ही सगळ्यात वाईट अवस्था. दोष शिल्लकच, पण तासाला दिसणारा दोष आता दिवसातून कधीतरी दिसणार; म्हणजे पुढच्या प्रत्येक प्रयोगाचा निकाल कळायला दिवस जाणार. म्हणून तो उपाय मागे घेतला आणि दोषाला हवं तितक्या वेळा येऊ दिलं. कामापुरतं नेट फोनच्या यूएसबी टेदरिंगवरून घेतलं.

मग दोन्ही कर्नलांचे लॉग (घडामोडींच्या नोंदी) शेजारी ठेवले. ‘जर्नलसीटीएल’ला (लॉग दाखवणाऱ्या आज्ञेला) कर्नलचेच संदेश हवेत आणि मागच्या बूटचे हवेत असं सांगता येतं, त्यामुळे रीबूट करावं लागलं तरी पुरावा हातचा जात नाही. नव्या कर्नलच्या लॉगमध्ये अडकण्याच्या क्षणी ओळींचा ठरलेला क्रम होता. आधी ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या कर्नलच्या भागाने, कार्डाला दिलेल्या आज्ञेला वेळेत उत्तर नाही. मग ड्रायव्हरने कार्डाचं एक रजिस्टर (कार्डातली छोटी नोंदीची जागा) वाचलं, तर त्यात आठही अंक एफ. मग फर्मवेअर, म्हणजे कार्डातला प्रोग्राम, पुन्हा चालू करण्याची धडपड.

ते सगळे एफ फार बोलके असतात. पीसीआय एक्स्प्रेस म्हणजे लॅपटॉपच्या आत कार्डं जोडणारी वाहिनी, बस. तिच्यावरचं उपकरण उत्तरच देत नसेल, तर वाचणाऱ्याच्या हाती सगळे बिट एक असलेला आकडा पडतो. तोच सोळाच्या पायात आठ एफ. म्हणजे कार्ड राउटरशी बोलण्यात नव्हे, खुद्द लॅपटॉपच्या बसवर बोलण्यात कमी पडत होतं. एका ओळीने सिग्नलची ताकद, चॅनल, देशाचा कोड, एन्क्रिप्शन, सगळे निर्दोष ठरले.

बूटच्या सुरुवातीच्या भागात आणखी एक ओळ खटकली. तिचा मथितार्थ असा: या उपकरणाचं एएसपीएम (बसच्या जोडणीची वीज वाचवणारी यंत्रणा) बंद करता येत नाही, कारण त्यावर ऑपरेटिंग सिस्टिमचा ताबा नाही. जुन्या लॉगमध्येही ही ओळ होती, पण एकदाच, तारेच्या नेटवर्क पोर्टच्या नावाने. नव्यात ती दोनदा होती आणि दुसऱ्यांदा वाय-फाय कार्डाच्या नावाने. तिच्याखाली रेघ मारून ठेवली. पण नवं कर्नल म्हटलं की लॉगमध्ये नव्या ओळी ढिगाने येतात. कुणी संदेशाचे शब्द बदललेले असतात, कुणी नवा इशारा घातलेला असतो. अशा ओळीवरून संशय घेता येतो, आरोप सिद्ध होत नाही.

त्याआधी फर्मवेअरचा निकाल लावायचा होता. वाय-फाय कार्डात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्यावर चालणारा प्रोग्राम ड्रायव्हर दरवेळी डिस्कवरून उचलून कार्डात भरतो. माझ्याकडे कर्नल आणि फर्मवेअरचं पॅकेज एकाच अपडेटमध्ये आलं होतं, तेव्हा गुन्हेगार दोघांपैकी कुणीही असू शकत होता. वरवर पाहता उत्तर सोपं वाटतं: फर्मवेअरचं पॅकेज नवंच आहे, तरी जुनं कर्नल नीट चालतं, म्हणून फर्मवेअर निर्दोष. पण इथे एक मेख आहे. एकाच फोल्डरमध्ये त्याच कार्डासाठी फर्मवेअरच्या अनेक क्रमांकांच्या फाइली असतात, आणि त्यातली कुठली उचलायची हे काही ड्रायव्हर स्वतः ठरवतात. जुन्या ड्रायव्हरला ठरावीक क्रमांकापर्यंतच्याच फाइली माहीत असतात. नवा त्याहून पुढचा क्रमांक आधी मागतो. फोल्डर तेच, पॅकेज तेच, पण दोन कर्नलं दोन निराळी फर्मवेअर चढवतात. लॉगमध्ये चढवलेल्या फर्मवेअरची आवृत्ती छापलेली असते. पाहिलं तर खरंच वेगळी होती.

म्हणून सगळ्यात नवी फाइल तात्पुरती दुसरीकडे हलवली. काही वितरणं फर्मवेअरची प्रत इनिटरॅमएफएसमध्येही (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात) भरतात, म्हणून तेही नव्याने बनवलं. आता नव्या कर्नलला नाइलाजाने जुनंच फर्मवेअर घ्यावं लागलं, आणि तसं ते घेतल्याची खात्री लॉगमधून केली. तरीही अडकलं. तेव्हा कुठे फर्मवेअरवरचा संशय खऱ्या अर्थाने फिटला.

पुढची पायरी कंटाळवाणी, पण टाळता न येणारी. वितरणांचं कर्नल म्हणजे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या शाखेतलं मूळ कर्नल नव्हे. प्रत्येक वितरण त्यात आपले पॅच (कोडमधले छोटे बदल) घालतं. दोष वितरणाच्या पॅचमधला असेल तर दार निराळं ठोठवायचं, मूळ कर्नलमधला असेल तर निराळं. म्हणून काहीही न मिसळलेलं मूळ कर्नल तीन आवृत्त्यांत बांधलं: जुनी, नवी, आणि तेव्हा विकासात असलेली सगळ्यात ताजी आरसी (प्रसिद्धीपूर्व चाचणी आवृत्ती). जुनी चांगली निघाली, नवी वाईट, आरसीही वाईट. तिसरी तपासणी आळसाने गाळली जाते आणि मग कुणीतरी कधीच दुरुस्त केलेल्या गोष्टीचा माग काढण्यात आठवडा जातो.

कर्नल स्वतः बांधणं वाटतं तितकं अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे. वितरणाची कॉन्फिग फाइल बूट फोल्डरमध्ये असतेच. ती घेऊन ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवलं की त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल तेवढी राहतात, बाकीची हजारो गळतात आणि बांधायला लागणारा वेळ कितीतरी कमी होतो. मात्र ‘त्या क्षणी लोड असलेली’ हे शब्द अक्षरशः घ्यायचे. ही आज्ञा देण्यापूर्वी फोन टेदरिंगला लावला, पेन ड्राइव्ह खुपसला, बाहेरचा मॉनिटर जोडला. नाहीतर नव्या कर्नलवर वाय-फाय अडकलेलं आणि टेदरिंगचं मॉड्यूलच नाही, अशी दोन्हीकडून कोंडी. डीबगची माहितीही बंद केली. तिने फाइली अवाढव्य फुगतात. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद ठेवलं, कारण हाताने बांधलेल्या कर्नलवर कुणाची सही नसते. आणि बूटचं पार्टिशन लहान असेल तर त्यावर डोळा ठेवायचा. दोन-चार कर्नलांत ते भरतं आणि मग इन्स्टॉल अर्ध्यात मोडतं.

खरी मेहनत गेली ती चाचणी घडवण्यात. चांगल्या आणि वाईट आवृत्त्यांच्या मधली आवृत्ती तपासत तपासत दोषी बदल गाठायचा, अशा शोधाबद्दल बोलताना लोक गिटच्या (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) आज्ञांबद्दलच जास्त बोलतात. आज्ञा पाच मिनिटांत शिकून होतात. ‘कधीतरी अडकतं’ या तक्रारीचं ‘इतक्या वेळात अडकलं तर वाईट, नाही अडकलं तर चांगलं’ अशा कसोटीत रूपांतर करणं, हे निम्म्याहून अधिक काम.

दोष शांततेनंतर येत होता, म्हणून सतत पिंग करत राहणं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर मोजत राहणं, कुचकामी. दर सेकंदाला पिंग गेला की कार्डाला डुलकी लागतच नाही आणि सगळं ठणठणीत दिसतं. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: थोडं डाउनलोड, मग वीस ते नव्वद सेकंदांच्या मधली कुठलीतरी शांतता, मग एकच पिंग, आणि उत्तराची वेळ फाइलमध्ये. पिंग राउटरलाच, बाहेर कुठे नाही. बाहेरच्या इंटरनेटची हजार दुखणी असतात आणि ती या चाचणीत नको होती.

किती उशीर झाला की अडकलं म्हणायचं, हेही आधी ठरवावं लागलं. वाय-फायचं पॉवर सेव्हिंग चालू असताना शे-दोनशे मिलिसेकंदांचं उत्तर अगदी नैसर्गिक आहे. राउटर सहसा दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन (आपण आहोत हे कळवणारा संदेश) पाठवतो. झोपलेलं कार्ड ठरावीक बीकन ऐकायला जागं होतं आणि आपल्यासाठी काही राखून ठेवलंय का ते त्यावरून ओळखतं. उत्तर तितकं रेंगाळणारच. हा आकडा पाहून अनेक जण घाबरतात आणि नसलेला दोष शोधत बसतात. मी मर्यादा तीन सेकंदांची ठेवली, आणि लॉगमधले ते सगळे एफ हा दुसरा साक्षीदार.

या चाचणीतही एक असमानता होती आणि ती समजून न घेता पुढे गेलं असतं तर सगळं वाया गेलं असतं. कर्नल अडकलं तर ते वाईट, यात शंका नाही. नाही अडकलं तर ते चांगलं असेलच असं नाही. कदाचित आणखी पाच मिनिटं थांबायला हवं होतं. समजा, वाईट कर्नल वीस मिनिटांत दहापैकी नऊ वेळा अडकतं. ऐकायला ही कसोटी चांगली वाटते. पण दहा टप्प्यांच्या शोधात साधारण निम्मे, म्हणजे पाच टप्पे वाईट कर्नलांचे येणार. पाचही ठिकाणी दोष पकडला जाण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ५९ टक्के. उरलेल्या ४१ टक्क्यांत एखादं वाईट कर्नल चांगलं म्हणून नोंदलं जातं, आणि गिट अगदी आत्मविश्वासाने एका निरपराध कमिटकडे (नोंदलेल्या बदलाकडे) बोट दाखवतं. तीच चाचणी तासभर चालवली तर एका टप्प्यावर फसण्याची शक्यता ०.१ चा घन, हजारात एक. म्हणून ‘वाईट’चा निकाल तत्काळ, ‘चांगलं’चा निकाल किमान तासाने, असा नियम केला आणि घाई झाली तरी पाळला.

आता बायसेक्ट. गिट टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये कर्नलसाठीच लिहिलं आणि आजच्या मुख्य गिट भांडारातला इतिहास २.६.१२ च्या दुसऱ्या आरसीपासून सुरू होतो. तेव्हापासूनचा प्रत्येक बदल त्यात सुटा सुटा ठेवलेला आहे. ‘गिट बायसेक्ट’ला एक चांगली आणि एक वाईट आवृत्ती सांगितली की ते मधली एक काढून देतं, ती तपासून निकाल सांगायचा, की उरलेल्यांपैकी पुन्हा मधली. दोन लगतच्या आवृत्त्यांमध्ये तेरा-चौदा हजार कमिट सहज असतात, पण दरवेळी निम्मे कटतात, म्हणून चौदाएक टप्प्यांत खेळ संपतो.

शोध विशिष्ट फोल्डरांपुरता आवळता येतो आणि मी तो आवळला. केवळ वाय-फाय ड्रायव्हरांचं फोल्डर दिलं असतं तर टप्पे आणखी कमी झाले असते. पण कार्ड बसवर गप्प होत होतं, तेव्हा दोष पीसीआयच्या कोडमध्येही असू शकत होता. म्हणून ड्रायव्हर, त्यावरचे मॅक८०२११ आणि सीएफजी८०२११ हे थर, आणि पीसीआय, असं सगळं जाळ्यात घेतलं. हजाराच्या आसपास कमिट, दहा टप्पे. फोल्डर चुकीचं निवडलं तर बायसेक्ट शेवटी काहीतरी निरर्थक दाखवतं, म्हणून अशा शोधाअंती मिळालेलं उत्तर उलटून तपासण्याची तयारी आधीच ठेवलेली बरी.

मधल्या टप्प्यांवर एक गोष्ट नवख्याला हमखास गोंधळात टाकते. बांधलेल्या कर्नलचा आवृत्ती क्रमांक कधी कधी ‘चांगल्या’ आवृत्तीहून जुना दिसतो. गिट रस्ता चुकलेलं नसतं. वायरलेससारख्या उपशाखांचे मेंटेनर (त्या शाखा सांभाळणारे) आपलं काम आधीच्या एखाद्या आरसीवर उभं करतात आणि नंतर ते मुख्य शाखेत मिसळलं जातं. आपण त्या उपशाखेत शिरलो की क्रमांक तिथला दिसतो. एक टप्पा असा आला की कर्नल स्क्रीन चालू होण्याआधीच कोसळलं. वाय-फायशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून त्याला चांगलं-वाईट काहीच न म्हणता ‘स्किप’ दिलं. तिथे अंदाजाने शिक्का मारण्याचा मोह होतो. अंदाजाने मारलेला एक शिक्का उरलेले सगळे टप्पे नासवतो.

शेवटी जे कमिट हाती आलं ते पाहून प्रथम विश्वासच बसेना. ती साफसफाई होती. ड्रायव्हरमधल्या हाताने लिहिलेल्या काही ओळी काढून त्यांच्या जागी पीसीआयच्या सामायिक फंक्शनला एक हाक. कमिटच्या वर्णनात कारणही नीट दिलेलं: एकच रजिस्टर दोन जागांहून परस्पर बदललं जाऊ नये. वाचून मान डोलवावी असा बदल. पण ज्या ओळी काढल्या होत्या त्या एएसपीएम बंद करणाऱ्या होत्या, आणि लॉगमध्ये रेघ मारून ठेवलेली ती ओळ याच सामायिक फंक्शनने छापलेली होती. आता दोन्ही टोकं जुळली.

एएसपीएम म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसच्या जोडणीची वीज वाचवणारी यंत्रणा. जोडणीवर रहदारी नसेल तर दोन्ही टोकं तिला झोपवतात. एल०एस ही हलकी डुलकी, एल१ ही गाढ झोप. वाय-फायच्या पॉवर सेव्हिंगशी तिचा थेट संबंध नाही. ते हवेतल्या संवादाचं, हे मदरबोर्डवरच्या. माझ्या कार्डातली चिप एल१ मधून कधी कधी वेळेत उठत नाही, आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना ते पूर्वीपासून ठाऊक असावं. म्हणूनच त्यांनी कार्ड सुरू होतानाच लिंक कंट्रोल रजिस्टरमधले एएसपीएमचे दोन बिट स्वतःच्या हाताने पुसण्याची सोय केली होती. नव्या कमिटने तेच काम सामायिक फंक्शनकडे सोपवलं. ते फंक्शन शिस्तीचं आहे. बायोस (मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम) कधी कधी एसीपीआयच्या (ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) तक्त्यांतून कर्नलला सांगतो की एएसपीएमला हात लावू नकोस, ताबा माझ्याकडे आहे. तसं असेल तर फंक्शन इशारा छापतं, परवानगी नसल्याचा कोड परत करतं आणि काहीही बदलत नाही. ड्रायव्हरने तो परत आलेला कोड पाहिलाच नव्हता. ज्या मशीनचा बायोस ताबा सोडतो तिथे कुणाला काही कळलं नसणार. माझा सोडत नाही, आणि वर एल१ चालू करून ठेवतो.

पॉवर सेव्हिंग बंद केल्यावर अडकणं कमी का झालं, याचाही अंदाज आता बांधता आला: कार्ड हवेतली रहदारी सतत ऐकत राहिलं की बसवरही थोडंफार काही चालू राहतं आणि एल१ मध्ये जायची वेळ कमी येते.

हे सगळं सुसंगत होतं, पण सुसंगत गोष्ट खरी असतेच असं नाही, म्हणून तीन प्रकारे तपासलं. ‘एलएसपीसीआय’ला सविस्तर माहिती मागितली तर जुन्या कर्नलवर कार्डाच्या लिंक कंट्रोलच्या ओळीत एएसपीएम बंद दिसत होतं, नव्यावर एल१ चालू. मग नव्या कर्नलवरच ‘सेटपीसीआय’ने ते दोन बिट हाताने शून्य केले आणि चाचणी रात्रभर सोडली, एकही अडथळा नाही. शेवटी ताज्या आरसीवर ते एकच कमिट ‘गिट रिव्हर्ट’ने उलटवलं, बांधलं, चालवलं. तेही स्वच्छ.

इथे एक धोक्याची सूचना. अशा वेळी बूट पॅरामीटरमध्ये ‘पीसीआयई एएसपीएम ऑफ’ घाला, असा सल्ला सर्रास दिला जातो. नावावरून वाटतं एएसपीएम बंद होईल. प्रत्यक्षात त्या पॅरामीटरचा अर्थ आहे, कर्नलने एएसपीएमला अजिबात हात लावू नये, बायोसने जे ठेवलं ते तसंच राहू द्यावं. माझ्या मशीनवर त्याने काडीचाही फरक पडला नसता, कारण नेमकी तीच तर अडचण होती.

दुरुस्ती होईपर्यंत जुन्या कर्नलवर राहणं हा पर्याय होता, पण थोड्या दिवसांसाठीच. वितरण पुढे गेलं की मागच्या आवृत्तीला सुरक्षेचे पॅच मिळणं थांबतं. अपडेट गोठवून बसणाऱ्याच्या हे ध्यानात राहत नाही. स्वतः बांधलेल्या कर्नलवर राहायचं तर प्रत्येक सुरक्षा अपडेटला पुन्हा बांधकाम. मी वितरणाचं नवं कर्नलच ठेवलं आणि बूट होताना ‘सेटपीसीआय’ची आज्ञा देणारी चिमुकली सिस्टिमडी सेवा लिहिली. आज्ञेत मास्क देऊन फक्त ते दोन बिट बदलले, बाकी रजिस्टर जसंच्या तसं. क्रमही महत्त्वाचा: बंद करताना आधी कार्डाच्या टोकाला, मग वरच्या पोर्टला. पीसीआय एक्स्प्रेसच्या अधिकृत विनिर्देशात तोच क्रम सांगितलेला आहे.

मग तक्रार. कर्नलच्या कोडबरोबर येणारी ‘गेट मेंटेनर’ स्क्रिप्ट फाइलचं नाव दिलं की कुणाला लिहायचं ते सांगते: ड्रायव्हरचे मेंटेनर, वायरलेसची मेलिंग लिस्ट. त्यात कमिटच्या लेखकाला आणि रिग्रेशनसाठी (आधी चालणारं मोडल्याच्या तक्रारींसाठी) असलेल्या वेगळ्या लिस्टला जोडलं. मेल साध्या मजकुरात. एचटीएमएल असेल तर या लिस्टा तो परत धाडतात. थॉर्स्टन लेमहुइस यांनी उभारलेला रेगझबॉट नावाचा बॉट अशा तक्रारींची नोंद ठेवतो. दोष कुठल्या कमिटपासून आला हे ठरावीक पद्धतीच्या एका ओळीत लिहिलं की तक्रार त्याच्या यादीत चढते आणि विस्मरणात जात नाही. मेल लहान ठेवला. कुठलं कार्ड, कुठलं कमिट, रिव्हर्ट केल्यावर काय होतं, लॉगमधल्या मोजक्या ओळी, दोन्ही कर्नलांवरचं ‘एलएसपीसीआय’. शोधाची कहाणी त्यात घातली नाही. तिथे कुणाला ती नको असते.

कर्नलच्या जगात एक नियम टोरवाल्ड्स वर्षानुवर्षं कडकपणे पाळायला लावत आले आहेत: आधी चालणारं काही नव्या बदलाने मोडलं, तर बदल कितीही नीटनेटका असो, तो दोषच. त्यामुळे ‘तुमचा बायोस वाईट आहे’ असं म्हणून कुणी हात झटकले नाहीत, जरी तसं म्हणायला जागा होती. कमिटच्या लेखकाने आधी एसीपीआयच्या ओळी मागवल्या, मग एक पॅच धाडला. मला वाटलं होतं सरळ रिव्हर्ट होईल. त्याऐवजी त्याने मधला मार्ग काढला: आधी सामायिक फंक्शनला विचारायचं, मग रजिस्टर वाचून पाहायचं, आणि बिट अजून लागलेले असतील तरच स्वतः पुसायचे. तारेच्या नेटवर्कच्या एका जुन्या ड्रायव्हरमध्ये हीच युक्ती अनेक वर्षं आहे, त्यामुळे आक्षेपही कुणी घेतला नाही. माझ्या मते रिव्हर्टपेक्षा हे सरस. साफसफाईचा हेतू टिकला आणि माझ्यासारखी मशीनंही सुटली.

‘गिट एएम’ने पॅच चढवला, तीच चाचणी तितकाच वेळ चालवली आणि निकाल कळवला. पॅचच्या तळाशी दोष कुणी कळवला, कुणी तपासला, आणि कुठल्या कमिटची ही दुरुस्ती आहे, हे हॅशच्या (कमिटच्या ओळखक्रमांकाच्या) पहिल्या बारा अक्षरांसकट नोंदलं गेलं. ही शेवटची नोंद दिखाऊ नसते; स्थिर मालिका (आधीच प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरवणारी) सांभाळणारे तिच्यावरूनच ठरवतात की कुठल्या कुठल्या जुन्या आवृत्त्यांना ही दुरुस्ती हवी. पॅच आधी वायरलेसच्या शाखेत, तिथून मुख्य शाखेत आणि मगच ग्रेग क्रोह-हार्टमन आणि त्यांचे सहकारी सांभाळतात त्या स्थिर मालिकेत गेला. मुख्य शाखेत नसलेलं काही स्थिर मालिकेत घेत नाहीत, आणि आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींहून मोठा पॅच नको असाही त्यांचा दंडक आहे. हा त्याच्या आसपासही नव्हता.

वितरणाच्या पुढच्या कर्नल अपडेटच्या चेंजलॉगमध्ये पॅचचं नाव दिसल्यावर सिस्टिमडीची ती सेवा बंद केली, रीबूट केलं आणि ‘एलएसपीसीआय’ पाहिलं: एएसपीएम बंद. हाताने बांधलेली कर्नलं आणि त्यांची मॉड्यूल पुसून बूट पार्टिशन मोकळं केलं, सिक्युअर बूट परत चालू केलं. ताबा नसल्याचा इशारा मात्र लॉगमध्ये वाय-फाय कार्डाच्या नावाने अजून येतो, कारण ड्रायव्हर आधी सामायिक फंक्शनलाच विचारतो आणि नकार घेऊन मग बिट पुसतो. तेव्हा याच लक्षणांवरून कुणी आपल्या लॉगमध्ये ती ओळ शोधत असेल, तर तिच्यावर न थांबता लिंक कंट्रोलची ओळ पाहावी.